अललडुर्र आणि ‘दशावतार’

गेल्या गणेशचतुर्थीस महाड तालुक्यांतील तुडील या आमच्या गांवीं गेलों असतां एक वाद कानांवर आला, आणि इच्छा नसतांही त्यांत पडावें लागलें. मुंबईस नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्यानें आरतीनंतर पडवींत बसून आपल्या सोबत्यांना ‘दशावतार’ नांवाची एक ध्वनिमुद्रिका ऐकविली. नांव ऐकून दोन वडीलधारे गृहस्थ कौतुकानें जवळ सरकून बसले आणि दोन मिनिटांतच उठून गेले. एवढेंच झालें असतें तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. जें रुचत नाहीं तेथून उठून जाणें हा रसिकाचा हक्क आहे, आणि कित्येक व्याख्यानांत मीं तो स्वतः बजावलेला आहे. परंतु दोन दिवसांनीं आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं, जे संगीताचे चांगले जाणते आहेत, या प्रकारावर जें भाष्य केलें तें मुकाट्यानें सोडून देण्यासारखें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, हें संगीत कर्कश आहे म्हणून वाईट नव्हे, तर तें भेसळ आहे म्हणून वाईट. परदेशी गोंगाट, विलायती वाद्यवृंदाचे सूर, आपले तबला-सतार आणि वर आपलेच अवतार, अशा चार जातींच्या वस्तू एका भांड्यांत घालणें हाच मुळीं संस्कृतीचा विटाळ होय!

‘विटाळ’ हा शब्द निदान महाड तालुक्यांत तरी जपून वापरावा. २० मार्च १९२७ रोजीं ज्या चवदार तळ्याचें पाणी कांहीं माणसांनीं ओंजळीनें प्यालें, आणि त्यानंतर ज्याची पंचगव्यानें ‘शुद्धि’ करण्यांत आली, तें तळें याच तालुक्यांत आहे. पाण्याच्या बाबतींत ज्या कल्पनेची आपल्याला आज लाज वाटते ती गाण्याच्या बाबतींत पांडित्य म्हणून कशी मिरवावी?

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ ही मुंबईची मंडळी साहिल माखिजा यांनीं २००० सालीं उभी केली. २०१७ सालीं निघालेल्या तिच्या ‘दशावतार’ या मुद्रिकेंत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणीं आहेत, एकेका अवताराचें एकेक. शब्द इंग्रजी आहेत. ज्या संगीताच्या पायावर ती उभी आहे त्यांतील एक मोठा भाग ‘ब्लॅक मेटल’ नांवानें ओळखला जातो. हें नांव इंग्लंडांतील ‘व्हेनम’ या मंडळीच्या १९८२ सालच्या मुद्रिकेवरून पडलें. त्याला आजचें रूप आलें तें १९९० नंतरच्या पहिल्या चारपांच वर्षांत नॉर्वे देशांत. त्या इतिहासांत खून आहे आणि जाळपोळही आहे. बेर्गेन शहराजवळचें फान्टोफ्ट येथील जुनें लांकडी चर्च १९९२ सालीं जाळलें गेलें. त्याचें समर्थन कोणीही शहाणा मनुष्य करणार नाहीं. परंतु त्याच देशांत १९९५ सालीं ‘उल्व्हेर’ या तरुणांच्या मंडळीनें ‘बेर्गटाट’ नांवाची मुद्रिका काढली. डोंगरांतल्या राक्षसांनीं भुलवून नेलेल्या मुलीची गोष्ट तींत आहे, आणि किंकाळीच्या अगदीं शेजारीं लोकगीताच्या वळणाचें शांत गाणें आहे. आपल्याकडे चकव्यानें वाट चुकविलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकत जे वाढले त्यांना ती समजावयास नॉर्वेजियन भाषा येण्याची गरज पडूं नये.

या संगीतांत गिटारीची तार इतक्या शीघ्र गतीनें छेडीत राहतात कीं सुटे स्वर ऐकूं न येतां त्यांचा एक पडदा होतो. ढोलांचे घावही त्याच वेगानें पडतात, आणि मनुष्याचा आवाज घसा खरवडून काढल्यासारखा येतो. ‘वातावरणप्रधान’ म्हणून जी शाखा आहे तींत हा पडदाच मुख्य. मला तो कळला तो आमच्या पडवीमुळें. जुनीं कौलें जाऊन तेथें आतां पत्रा आला आहे. श्रावण-भाद्रपदांत त्यावर सर कोसळूं लागली कीं प्रथम नुसता गोंगाट वाटतो, बोललेलें शेजाऱ्यास ऐकूं जात नाहीं. पण घटकाभर बसून राहिलें म्हणजे त्या गोंगाटाच्या पोटांत चढउतार ऐकूं येऊं लागतात, आणि पुढें पुढें त्यावांचून करमत नाहीं. मुंबईची मुद्रिका केवळ या शाखेची नव्हे. तींत ‘डेथ मेटल’चा जडपणा आहे आणि वाद्यवृंदाचा थाटही आहे. पण ऐकावयाचें कसें, तें मला पत्र्यानें शिकविलें.

आतां भेसळीकडे वळूं. आमचे स्नेही नाट्यसंगीताचे परम भक्त आहेत. १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें तेव्हां अण्णासाहेब किर्लोस्करांनीं त्यांत कर्नाटकी चाली घेतल्या, साक्या-दिंड्या घेतल्या, लावणीचें वळणही वर्ज्य मानलें नाहीं. १९११ सालच्या ‘मानापमाना’साठीं गोविंदराव टेंब्यांनीं पूरबच्या ठुमरी-कजरीच्या चाली मराठी पदांत बसविल्या. आणि ज्या पेटीवर हें सारें वाजतें ती तर युरोपांतून आलेली; तिच्यावर १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें बंदी घातली ती १९७१ पर्यंत उठली नाहीं. ही भेसळ आपल्या आजोबांनीं पचविली म्हणून ती परंपरा झाली काय? आमच्या गांवाकडे जाखडीच्या शक्ति-तुऱ्याच्या बारींत शाहीर पुराणांतील आख्यान सिनेमाच्या चालीवर लावतो, आणि सारा गांव मान डोलावतो. तेथें कोणी विटाळाची भाषा काढलेली मीं ऐकली नाहीं.

खरा आक्षेप चालींना नसून त्या घोगऱ्या आवाजाला आहे, असा मला दाट संशय आहे. देवाचें नांव आणि राक्षसाचा आवाज, हें त्यांना सहन होत नाहीं. परंतु राक्षसाचा आवाज आपल्या रंगभूमीला नवा आहे काय? १८४३ सालीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें. तेथून जी पौराणिक नाटकांची परंपरा चालली तिला पुढल्या सुशिक्षित पिढीनें ‘अललडुर्र’ हें नांव ठेवलें, कां कीं राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर शिरे. आपण त्या आरोळ्यांना हंसलों, राक्षसाला सभ्य केलें, आणि शेवटीं त्याला यमन-भूपांत पदें म्हणावयास लाविलें. दक्षिण कोंकणांतील दशावतारी खेळांनीं मात्र संकासुराला संकासुर राहूं दिलें. वेद चोरणारा तो काळा, तिरपागडा असुर सभ्य स्वरांत बोलूं लागला तर पोरें झोपीं जातील! आणि नृसिंह? खांब फोडून बाहेर आलेला, धड मनुष्य नव्हे व धड पशु नव्हे, असा तो देव कोणत्या घराण्याची गायकी गाणार? या मुद्रिकेंत नृसिंह गुरगुरतो. मला तें त्या कथेचें अधिक इमानी वाचन वाटतें. आपण हंसून घालविलेला अललडुर्र मुंबईच्या पोरांनीं, बहुधा नकळत, विजेच्या गिटारीवरून परत आणला आहे.

याचा अर्थ ही कृति निर्दोष आहे असा नव्हे. मिश्रणाची तरफदारी करणारांतही एक भोळा वर्ग आहे. गिटारीजवळ तबला ठेवला कीं त्याला पूर्व-पश्चिमेचा संगम दिसूं लागतो. सतारीचा तुकडा दारावरील तोरणासारखा येऊन जातो आणि मग आंत लोंढा सुरू होतो, तेथें माझें मन निवत नाहीं. ते दोन आवाज एकमेकांवांचून अडले पाहिजेत. नुसत्या शेजारास मी मिश्रण म्हणणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि नवल हें कीं आमच्या शुद्धिवादी स्नेह्यांच्या तो लक्षांतही आला नाहीं. नववें गाणें बुद्धाचें आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय हें मी मानीत नाहीं, अशी स्पष्ट प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं व लक्षावधि लोकांनीं घेतली. महाडच्या परिसरांत त्या प्रतिज्ञेचे वारस घरोघर आहेत. आपल्या महाराष्ट्रांत कित्येक जुन्या चित्रांत नवव्या जागीं विठ्ठल उभा असतो, म्हणजे ती जागा पूर्वींही वादाची होतीच. मंडळीनें पुराणांतली प्रचलित यादी जशीच्या तशी उचलली. येथें दोन वस्तू खरोखरच परस्परांच्या इच्छेविरुद्ध एका भांड्यांत पडल्या आहेत. परंतु हा दोष गिटारीच्या पदरीं बांधतां येत नाहीं. तो गिटारीहून कित्येक शतकें जुना आहे. मीं तो काढला तेव्हां आमचे स्नेही म्हणाले, “तो विषय निराळा.” पुतण्या मात्र बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “काका, हें मला कोणी सांगितलेंच नव्हतें.”

पुढच्या गणपतींत त्या दोन वडीलधाऱ्यांना मी पुन्हां पडवींत बसविणार आहें. आधीं खांबाची गोष्ट सांगेन, मग फक्त नृसिंहाचें गाणें लावावयास सांगेन. पत्र्यावर पाऊस नसेल अशी वेळ मात्र पाहावी लागेल.