एका प्लायच्या सहा फळ्या

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमध्ये दरवर्षी एक वाक्य ऐकू येतं, "यंदा काहीतरी भव्य करूया." यंदा हे वाक्य आम्हा मॉडेलवाल्यांच्या टोळक्यात शिरलंय. भव्य म्हणजे काय, तर आठ बाय चारच्या अख्ख्या प्लायवर रेल्वेचं मॉडेल, डोंगर, बोगदा, पूल आणि स्टेशनासकट. माझा याला विरोध आहे. मॉडेलला नाही, त्या "अख्ख्या" शब्दाला.

रेल्वेचं मॉडेल एकट्याने करायची गोष्ट नाही, हे आधीच कबूल. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं, ते १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. पण त्यामागे आयुष्यभराचा नाद होता. आपल्याकडे आहेत चार वर्षं, त्यातून सबमिशन, ओरल आणि केट्या वजा करा! शिवाय जागेचं गणित बघा. आपला नेहमीचा निळा आयसीएफ डबा साधारण २१.३ मीटर लांब. १:८७ या प्रमाणात (म्हणजे एचओ स्केलमध्ये) तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. चोवीस डबे आणि इंजिन जोडलं की गाडी सहा मीटरच्या पुढे जाते. आता आठ बाय चारच्या प्लायवर ४५ सेंटिमीटर त्रिज्येची वळणं घेऊन लंबगोल रूळ टाका. सगळी फेरी भरते पावणेसहा मीटरच्या आत. म्हणजे इंजिन आपल्याच शेवटच्या डब्याला जाऊन धडकणार. भव्य!

दोन वर्षांपूर्वी सीनियर्सनी असाच एक बोर्ड केला होता. काम सुरेख होतं, त्यात वाद नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉमन रूममध्ये रात्री जागून केला. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की जिन्याच्या वळणावर तो फिरतच नाही. शेवटी करवत आणली आणि बोगद्याच्या बरोब्बर मधून बोर्ड कापला. आतल्या वायरी तुटल्या त्या तुटल्याच. कोणती वायर कुठे जाते हे फक्त इलेक्ट्रिकलच्या एका दादाला माहीत होतं, आणि तो त्या आठवड्यात कॅम्पसला बाहेरगावी गेला होता. आज एक अर्धा जिन्याखाली आहे आणि दुसऱ्या अर्ध्यावर मेसवाले बटाट्यांची पोती ठेवतात. त्या वर्षी उत्साहाने आलेली फर्स्ट इयरची पोरं पुन्हा फिरकली नाहीत. मला बोर्डापेक्षा या पोरांचं जास्त वाईट वाटतं.

यावर उपाय शोधायला डोकं लढवण्याची गरज नाही, तो जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७४ च्या सुमारास एन स्केलवाल्यांनी, म्हणजे १:१६० वाल्यांनी, एनट्रॅक नावाची पद्धत काढली. प्रत्येकाने आपल्या घरी चार फुटांची एक फळी करायची. तिच्यावर तीन मुख्य रूळ, पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर, आणि जमिनीपासून फळीची उंची ठरलेली. बाकी फळीवर जंगल करा नाहीतर कारखाना, कोणी विचारणार नाही. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, रूळ फळीच्या टोकापर्यंत नेतच नाहीत. थोडं आधी थांबवतात आणि दोन फळ्या जोडल्या की मधे रुळाचा ठरावीक लांबीचा तुकडा बसवतात. त्यामुळे सुतारकामात मिलिमीटरभर चूक झाली तरी खपते. टॉलरन्सचा धडा याहून सोपा करून कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही. युरोपातले फ्रेमोवालेही १९८१ पासून असंच करतात. कुणाच्या ना कुणाच्या फळ्या मोठ्या हॉलमध्ये एकत्र येतात आणि वेळापत्रक लावून गाड्या चालतात.

तेव्हा माझं म्हणणं असं. तोच आठ बाय चारचा प्लाय आणा, पण कापा. १२० बाय ४० सेंटिमीटरच्या बरोब्बर सहा फळ्या निघतात. एक फळी कॉटखाली जाते, एक माणूस ती जिन्यावरून नेतो. सहा जोडल्या की सव्वासात मीटर सरळ रूळ, म्हणजे चोवीस डब्यांची गाडी अख्खी उभी राहते. आणि चोवीस डबे एकाच्या खिशाला झेपणार नाहीत, पण सहा जणांनी चार-चार आणले तर? गाडी गोल फिरणार नाही, इकडून तिकडे जाऊन परत येईल. कल्याणहून कसाऱ्याला गेलेली लोकल तरी दुसरं काय करते!

ठरवायचं फक्त टोकांचं. उंची, कडेपासून रुळाचं अंतर, बोल्टची भोकं आणि वायरीचा रंग. पुढच्या रुळाला लाल, मागच्याला काळी. इथे एकानेही "माझं आपलं उलटं" केलं की सगळं शॉर्ट. भोकांसाठी वर्कशॉपमध्ये एकच ड्रिल जिग करावं आणि सगळ्यांच्या पट्ट्या त्यातूनच मारून घ्याव्यात. टेप लावून सहा जणांनी सहा वेळा मोजलं तर सहा उत्तरं येतात, हे फर्स्ट इयरच्या फिटिंगच्या जॉबमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय.

इथे काटेकोर मंडळी हमखास अडतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी., १:८७ ने तो १९.३ मि.मी. यायला हवा, पण एचओचा तयार रूळ १६.५ चा, कारण तो १४३५ मि.मी.च्या गेजवरून आलाय. मग आपण स्वतःच बरोबर रूळ करूया का? एकट्याचं मॉडेल असेल तर जरूर करा, मी टाळ्या वाजवीन. सहा जणांच्या कामात मात्र सगळ्यांचं सारखंच चुकलेलं चालतं, एकाचंच बरोबर असलेलं चालत नाही. इंग्रजांचं ओओ स्केल याच १६.५ च्या रुळावर १:७६ च्या गाड्या पळवतं आणि वर्षानुवर्षं सुखात आहे.

स्केल मात्र सोडायचं नाही. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि शेजारी वाघ हत्तीएवढा, ते तिथे गोड दिसतं. इथे दिसणार नाही. अजून एक ठरवा, महिना. एका फळीवर जुलैचं हिरवंगार कोकण आणि शेजारी मे महिन्यातला मनमाडचा माळ आला तर गाडी बोगदा नसताना ऋतू बदलेल.

मालकीचा प्रश्न वर्गणीहून अवघड आहे. फळी ज्याची त्याची, पास आउट झाला की घरी घेऊन जाईल. वर्गणी फक्त कंट्रोलर आणि जोडाच्या तुकड्यांची. कुणी मधेच सोडलं (आणि कुणीतरी सोडणारच) तर नुसते रूळ ठोकलेल्या दोन कोऱ्या फळ्या आधीच तयार ठेवाव्यात. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जोडून बघायचं. काम झालं असो नसो, गाडी या टोकाहून त्या टोकाला गेली पाहिजे. आणि हे सगळं बघणारा माणूस सगळ्यात चांगला कलाकार नको, रात्री अकराला दार वाजवून "फळी कुठाय?" विचारणारा हवा.

आक्षेप आहे तो मान्य करतो. असं मॉडेल थोडं गोधडीसारखं दिसतं, सीनियर्सच्या बोर्डाची एकसंध शोभा त्याला येणार नाही. बक्षीसही कदाचित हुकेल. मला चालेल, कारण पुढच्या वर्षी सातवी फळी एखाद्या फर्स्ट इयरवाल्याची असू शकते आणि त्यासाठी जुन्या सहांना हातही लावावा लागत नाही.

जिगसाठी वर्कशॉपच्या सरांशी बोललोय, ते तयार आहेत. रेक्टर सरांना विनंती एवढीच की रविवारी दोन तास कॉमन रूमचा टीव्ही बंद ठेवायची परवानगी द्यावी. मॅच असेल त्या रविवारी नको.