गुटगुटीत म्हणजे सुदृढ नव्हे

"लेकरू कसं गुटगुटीत आहे!" मुदखेडच्या कुठल्याही गल्लीत हे कौतुक कानावर पडते. ज्या आजीने दुष्काळ पाहिला, ओढाताणीत मुले वाढवली, तिला नातवाचे सुटलेले पोट म्हणजे घरात आलेली बरकत वाटते. तिला दोष देता येणार नाही. पण आता हे कौतुक तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

मराठवाड्यात मुलांचे पोषण म्हटले की कुपोषणच डोळ्यांपुढे येते. ते खोटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. मात्र त्याच सर्वेक्षणात जास्त वजनाच्या बालकांचे प्रमाण आधीच्या १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलेले दिसले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता आणि बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण त्या मानाने चरबी फारशी कमी नव्हती. अशा कमी वजनाच्या लेकराला पुढे गोड आणि तळलेले खाऊ घालून झपाट्याने जाड केले, तर मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो. म्हणून ही केवळ शहरी श्रीमंतांची चिंता नाही.

शाळकरी मुलासाठी घरच्या घरी एक सोपी चाचणी आहे. मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्या, ती दुमडून निम्मी करा आणि पोटाभोवती धरा. टोके जुळत नसतील तर डॉक्टरांकडे उंची-वजन तपासून घ्या. मानेवर काळसर, जाडसर पट्टा असेल तर तो मळ समजून घासू नका; शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते.

उपाय म्हणजे मुलाला उपाशी ठेवणे नव्हे. वाढत्या वयात बहुतेकदा वजन आहे तिथे रोखले तरी पुरते. उंची वाढते तसा फरक दिसतो. घरात ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, उसळ, दही असताना डब्यात बिस्किटे का जावीत? रडणे थांबवायला दिलेला पाच रुपयांचा पुडा आणि पाहुण्यांनी आणलेली थंड पेयाची बाटली आधी बंद करावी. जेवताना मोबाइल नको. आणि नियम एकट्या मुलाला नकोत, ते साऱ्या घराने पाळावेत. बाप भजी खात असताना मुलाला काकडी देणे ही शिक्षा होते.

जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल असा खेळ सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी अंगणात उभे राहवत नाही, हे खरे. मग सकाळी लवकर आणि दिवे लागण्याआधी लंगडी, खो-खो, सायकल होऊ द्या. नांदेडच्या शाळेत व्हॅनने जाऊन थेट शिकवणीला बसणाऱ्या मुलाचा हा तास आपणच काढून घेतला आहे. दहावीच्या गुणांसाठी खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनीही विचार करावा. झोपही नऊ तासांखाली जाऊ नये.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर या नियमाबद्दलही विचारा.

आणि एक विनंती. मुलाला "जाड्या" म्हणू नका. लाजलेले मूल मैदानावर जात नाही, कोपऱ्यात बसून आणखी खाते.