झाड लावलं का गाडलं?

मागच्या जुलैतला तो रविवार तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. हॉस्टेलच्या मागच्या पडीक जागेवर वृक्षारोपण होतं. पाहुणे आले, फ्लेक्स लागला, भाषणं झाली, समोसा-चहा झाला. रोपं साठ आणि आम्ही दीडशे. म्हणजे एका रोपामागे अडीच इंजिनिअर! अर्ध्या तासात साठही रोपं जमिनीत. फोटो निघाले, एन.एस.एस.च्या रजिस्टरवर तास चढले आणि सगळे मेसकडे पळाले, कारण रविवार म्हणजे फीस्ट.

माळीकाका तेवढे मागे थांबले. एक रोप त्यांनी हलक्या हाताने वर काढून पाहिलं. काळी प्लास्टिकची पिशवी तशीच होती. दुसरं पाहिलं, तेच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून बे पोट्टेहो, झाड लावून राह्यले का गाडून राह्यले?"

तेव्हा मी हसलो. एप्रिलमध्ये सबमिशनच्या धावपळीत एकदा मागे चक्कर मारली तेव्हा हसू आलं नाही. साठातली सात उभी होती. बाकीच्या ठिकाणी काड्या, आणि आपली काळी जमीन उलल्यावर पडतात तशा हातभर भेगा. एका भेगेतून पिशवीचं टोक वर आलं होतं.

मला जास्त लाज वाटली त्याला कारण आहे. मी तिवसा तालुक्यातला, संत्र्याच्या घरचा. आमच्याकडे संत्र्याचं कलम लावायचं म्हणजे उन्हाळ्यातच खड्डे खोदून तापू द्यायचे, मग शेणखत, निंबोळी ढेप घालून भरायचे आणि पाऊस पडल्यावर लावणी करायची. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. तो डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर राहिला पाहिजे. बाबा प्रत्येक नव्या मजुराला पहिल्या दिवशी हेच दाखवतात, "डोळा मातीत गेला का झाड गेलं समज." कारण तिथूनच डिंक्या लागतो, आणि चार-पाच वर्षं पोसलेलं झाड ऐन फळावर यायच्या वेळी वाळतं. पाणीसुद्धा खोडाला लागू द्यायचं नाही, म्हणून दुहेरी आळं. बाबा दहावी नापास आहेत, पण न शिकवता कोणाच्या हाती कलम देत नाहीत. आणि मी, त्यांचा बी.ई.ला शिकणारा मुलगा, दीडशे जणांत उभा राहून पिशवीसकट रोप लावताना पाहत होतो. बोललो नाही. म्हटलं, आपल्याला काय, आपण स्वयंसेवक!

माझं म्हणणं या शब्दाबद्दलच आहे. स्वयंसेवक म्हणजे मनाने आलेला माणूस, त्याला कसलं आलं शिक्षण, अशी आपली समजूत आहे. पगारी माणसाला काम आलं पाहिजे, फुकट येणाऱ्याचा भाव बघायचा! हा भाव माणसापुरता ठीक आहे, पण झाडाला तो कळत नाही. त्याच्या मुळाला पिशवीबाहेर जायला वाट हवी, बस्स.

सरकारी पातळीवरही तेच. आपल्या राज्यात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी रोपं लावायची, अशी उद्दिष्टं ठेवली होती. आकडे सगळे लावण्याचे. जगवण्याचा आकडा फ्लेक्सवर कोणी छापत नाही, आपणही छापला नाही.

खरं तर सेवेआधी शिकणं ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. तिवसा तालुक्यातल्या मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम काढला. महाराजांची ग्रामगीता घरात असते, पण आपण ती नुसती हार घालून ठेवतो. गावचं आरोग्य, शिक्षण, उद्योग अशा एकेका विषयावर त्यात वेगळा अध्याय आहे. नुसतं 'सेवा करा' म्हणून महाराज मोकळे झाले नाहीत, कशी करायची तेही सांगत बसले. लहानपणी पुण्यतिथी महोत्सवात मी हौसेने वाढायला उभा राहिलो होतो. एका म्हाताऱ्या सेवकाने माझ्या हातची बादली काढून घेतली. "आधी दोन पंगती पाह्य, मंग वाढ." मला राग आला होता. दोन पंगती बसून पाहिलं तेव्हा कळलं, की वाढणारा माणूस कुठून शिरतो, कुठे वळतो आणि कोणाला आधी विचारतो, याचीही एक पद्धत असते.

अलीकडचं उदाहरण तर नदीपलीकडचंच आहे. आमच्या तालुक्यात कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की आर्वी तालुका लागतो. त्या आर्वीतल्या काकडदरा या डोंगरातल्या छोट्या गावाने 2017 चा वॉटर कप जिंकला, पहिलं बक्षीस 50 लाख रुपये. पाणी फाउंडेशनची ही स्पर्धा 2016 ते 2019 चालली. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके होते, त्यात आपल्या जिल्ह्यातला वरूड एक. लोकांना आमिर खान आठवतो, बक्षीस आठवतं, मशाली घेऊन रात्रीचं श्रमदान आठवतं. मला मात्र त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती टिकाव उचलण्याआधीची. गावाने आपली माणसं निवडायची, बायकाही, आणि त्यांना चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला पाठवायचं. तिथे पाणी कसं वाहतं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम का करायचं, समतल चर कुठे काढायचा, दगडी बांध कसा रचायचा, हे सगळं हाताने करून शिकायचं. त्या माणसांनी गावात येऊन बाकीच्यांना शिकवायचं, आणि मग 8 एप्रिल ते 22 मे अशी 45 दिवस मेहनत.

सिव्हिलवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्यावं. समतल रेषा आखायला या लोकांकडे हायड्रोमार्कर नावाचं साधन होतं. दोन काठ्या, त्यांना पट्टी आणि मधे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी एका पातळीवर आलं की झाली समान उंची. शाळा अर्धवट सोडलेल्या बायका त्यावर डोंगरभर कंटूर आखत गेल्या. आपण ऑटो लेव्हलचं प्रॅक्टिकल करतो, जर्नल 'रेफर' करून रीडिंग भरतो आणि व्हायवाला 'बॅकसाइट म्हणजे काय' विचारलं की एकमेकांकडे पाहतो. असो, दुखत्या नसेवर बोट नको.

बाहेरच्या देशांत याची व्यवस्थाच लावली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 1970 च्या दशकात 'मास्टर गार्डनर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. विद्यापीठाने नागरिकांना बागकामाचं रीतसर शिक्षण द्यायचं आणि शिकलेल्याने त्या बदल्यात ठरावीक तास लोकांना मोफत सल्ला द्यायचा. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या झाडाची फांदी छाटायची हौस असेल तर आधी कोर्स करावा लागतो, परीक्षा पास व्हावी लागते, मग 'सिटिझन प्रूनर'चं लायसन्स मिळतं. फुकट काम करायला लायसन्स! आपल्याकडे कोणीही कोयता घेतो आणि लाइनच्या तारा दिसल्या की झाडाचं मुंडकंच उडवतो.

आता आपल्या कॉलेजकडे येऊ. एन.एस.एस. 1969 ला सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा नियम सगळ्यांना पाठ आहे, कारण सर्टिफिकेट त्यावर मिळतं. पण आपलं वर्ष आणि झाडाचं वर्ष जुळत नाही, हे कोणी पाहिलं का? जुलैत आपण नवे, उत्साही, हातात वेळ. तेव्हा झाडाला आपली गरज सर्वांत कमी, कारण वरून पाऊस चालू असतो. झाडाची खरी परीक्षा मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, आणि नेमकी तेव्हाच आपलीही! नंतर सुट्या. अमरावतीच्या 44-45 डिग्रीत ते रोप एकटं, आणि आपण गावाकडे कूलरसमोर. काकडदऱ्याच्या लोकांनी ज्या 45 दिवसांत डोंगर खोदला त्याच दिवसांत आपली झाडं मरतात.

काही सर म्हणतील, सिलॅबसच पूर्ण होत नाही, आणखी हे कुठे बसवायचं? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतो की रोपं कमी करा. साठ नको, वीस लावू. निंब, करंज, चिंच अशी इथली लावू. पाहुण्यांना आवडतात म्हणून शोभेची नको. दोन रविवार सकाळी शिकण्यासाठी ठेवू, आणि शिकवायला माळीकाका. त्यांना व्याख्यात्याचं मानधन द्यायचं, शाल-श्रीफळ नव्हे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ काही लांब नाही, तिथल्या एखाद्या तज्ज्ञाला एका दिवसासाठी बोलावता येईल. उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी, बॅकसाठी हॉस्टेलवर थांबणारे दहा-पंधरा तरी असतातच; त्यांची आणि वॉचमनकाकांची पाळी लावायची. मेसमध्ये तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी रोज नालीत जातं, ते ड्रममध्ये धरायचं. आणि सर्टिफिकेट लावणीच्या दिवशी द्यायचं नाही. पुढच्या जुलैत रोप जिवंत दाखवा आणि घेऊन जा.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या रूममध्ये जोरदार भांडण झालं. रूममेट म्हणाला, "अबे, गाई-ढोरांनी खाल्लं त मी काय करू?" मी म्हटलं, कुंपण कर. तो म्हणाला, "कुंपण कराले कोणी शिकवलं का?" मग मी गप्प बसलो, कारण मुद्दा त्याचाच बरोबर होता. त्या दोन रविवारांमध्ये बोराटीच्या काट्यांचं कुंपणही शिकवायला हवं.

परवा काकांशी बोललो. ती सात झाडं कशी जगली, असं विचारलं. सातही करंज आणि निंब निघाले. त्या दिवशी सगळे मेसकडे गेल्यावर काकांनी अंधार पडेपर्यंत जेवढ्या पिशव्या काढता येतील तेवढ्या काढल्या होत्या. उन्हाळाभर सायकलवर दोन डबे पाणी आणून घालत होते. आम्ही कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. यंदा शिकवाल का म्हटलं, तर आधी नाही म्हणाले, "तुमी इंजिनेर लोक, तुमाले मी काय सांगू?" खूप म्हटल्यावर कबूल झाले, पण अट एकच, उशिरा येणाऱ्याला खड्डा मिळणार नाही.

पहिला वर्ग येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, हॉस्टेलच्या मागे. स्लिपर घालून येऊ नका. येताना एक जुनी ब्लेड आणा, पिशवी कापायला.