धावपट्टी फोडा, इमारत सांभाळा!

नकाशा घ्या. पट्टीचं एक टोक पुण्यावर ठेवा, दुसरं गोव्यातल्या दाबोळीवर. रेघ साताऱ्याच्या अगदी जवळून जाते, सांगली तिच्या उजव्या हाताला राहते. अंतर साधारण ३५० किलोमीटर. एस.टी.त बसलात तर सगळा दिवस मोडेल. कॅनबेरा या जेट बॉम्बफेकी विमानाला अर्धा तास पुरे!

१८ डिसेंबर १९६१. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. पुण्याहून ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची, १२ कॅनबेरा निघाली. नेते होते विंग कमांडर एन. बी. मेनन. शत्रूला बाहेरून कुमक मिळू नये म्हणून दाबोळीची धावपट्टी फोडायची होती. पण हुकमात अट होती : विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही!

हे सोपं वाटतं? चालत्या सायकलवरून चेंडू खाली सोडून पाहा. तो सायकलबरोबर पुढे जाऊन पडतो. बॉम्बचंही तसंच. तो निशाणाच्या बराच अलीकडे सोडावा लागतो. क्षणाची चूक झाली, की धावपट्टीऐवजी इमारत!

चूक झाली नाही. काही मिनिटांत ६३,००० पौंडांचे बॉम्ब पडले, धावपट्टी उखडली, इमारती शाबूत राहिल्या. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या ८ कॅनबेरांनीही हेच पथ्य पाळलं. तिथे उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांनाही कुणी हात लावला नाही. त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा थोडा भाग घाईघाईने बुजवला आणि त्या दोन्ही विमानांतून अधिकाऱ्यांची बायकामुलं बाहेर काढली.

मग मोहीम फसली का? छे! १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आले. बायकामुलं सुखरूप गेली आणि विमानतळ आपल्याला मिळाला.

त्याच १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्यात सैनिक स्कूल सुरू झालं होतं. तिथले विद्यार्थी प्रदीप वसंत नाईक २००९ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले. १९६५ च्या युद्धात कॅनबेरा पुन्हा लढली, तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. जन्म सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा, शिक्षण कऱ्हाडचं.

२००७ मध्ये कॅनबेरा निवृत्त झाली. आता एक प्रश्न घरात सगळ्यांना विचारा : हातात बॉम्ब असताना काय अवघड, टाकणं की राखून टाकणं?