लाइफ जॅकेट मागणारी पोरगी भित्री नसते

मागच्या उन्हाळ्यात आम्ही अभ्यासवर्गातली पोरं घेऊन एका धरणावर सहलीला गेलो होतो. बोटीच्या रांगेत सातवीतल्या एका मुलीनं बोटवाल्याला विचारलं, "काका, जॅकेट?" तो म्हणाला, "एवढ्याशा पाण्याला घाबरतेस होय?" रांग हसली. आम्हीही हसलो, हे आधी कबूल करतो. जॅकेटं होती, पण बाकाखाली दोरीनं बांधलेली आणि सगळी मोठ्या माणसांच्या मापाची. पोरांना तसंच बसवून आम्ही फोटो काढले. काही झालं नाही. पण काही झालं नाही, म्हणून चूक माफ होत नाही.

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. 15 माणसं गेली. बोटीत शंभरावर लोक होते आणि वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं, की निघताना जॅकेट दिलंच नव्हतं. त्यानंतर लगेच गेटवेवर जॅकेट सक्तीचं झालं. आदल्या दिवशी जे जमत नव्हतं, ते प्रेतं मोजल्यावर जमलं! 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी आपली किती कुटुंबं गेटवे बघायला जातात, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तलाव महापालिकेचा, बोट ठेकेदाराची. मग जबाबदारी कुणाची?

अशा वेळी एक वाक्य हमखास येतं: "आपल्या लोकांनाच शिस्त नाही." हे वाक्य आम्हाला ओळखीचं आहे. गटारात माणूस गुदमरला की हेच म्हणतात, त्यानं मास्क का नाही घातला? मास्क दिला होता का, हे कुणी विचारत नाही. तिकीट घेणारा, परवाना देणारा आणि ठेका वाटणारा बाजूला राहतो, मेलेला मात्र बेशिस्त ठरतो.

आणि पोहण्याचं काय? ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, त्यांच्या घरात पोहणं शिकवणार कोण? शहरातल्या तरणतलावाची फी आमच्या वस्तीला परवडत नाही. चवदार तळ्याचं पाणी आपण लढून मिळवलं, पण पाण्यात उतरायची सवय अजून आपल्या घराघरात पोहोचलेली नाही. म्हणून जॅकेटची गरज आपल्या पोरांना जास्त आहे, कमी नाही.

जॅकेट नुसतं अंगावर टाकून भागत नाही, हेही आम्ही नंतर शिकलो. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं, तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. पट्टे आवळायचे आणि खांद्याला धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते माप चुकीचं. आणि घालायचं ते बोटीत चढण्याआधी. बोट कलंडल्यावर दोरी सोडायला वेळ नसतो.

आता सहलीला जाणाऱ्यांना निदान तिकीट खिडकी तरी आहे. वैनगंगेत जानेवारी 2024 मध्ये मिरची तोडायला निघालेल्या बायकांची होडी उलटली, त्यांनी जॅकेट कुणाकडे मागायचं होतं? त्यावर स्वतंत्र लिहू.

पुढच्या महिन्यात आमची पुन्हा सहल आहे. जॅकेट तपासायचं काम त्याच मुलीकडे दिलं आहे. मापाची जॅकेटं मिळाली नाहीत, तर तिकिटाचे पैसे परत घ्यायचे आणि तिथंच बसून बोटमालक, ठेकेदार आणि परवाना देणारं खातं या तिघांविरुद्ध लेखी तक्रार लिहायची, पोच घेऊन. तक्रारीचा मसुदा तयार आहे. ज्या शाखेला हवा, तिनं मागून घ्यावा.

जयभीम.