बळाचें माप

जीवदानीच्या हजारावर पायऱ्या कोण आधीं चढतो, कबड्डींत कोणाची पकड सुटत नाहीं, चढाईंत कोण हातोहात निसटतो, यांवरून आपल्या फुलपाड्यांतील मुलें आपल्यांतला बलवान ठरवितात. ही परीक्षा खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. पायऱ्यांस दम लागतो, पकडीस बळ लागतें, आणि चढाईस झपाटा लागतो. हे गुण निराळे असून, एकाचें माप दुसऱ्यास लाविल्यानें संघ निवडतांना कोणीतरी गुणी मुलगा विनाकारण मागें राहतो.

तालमींत नाल उचलून बळ पाहण्याची रीत जुनी आहे. तिचा दोष असा कीं, नाल उचलला किंवा न उचलला, याखेरीज ती कांहीं सांगत नाहीं. शिवाय कोंवळ्या वयांत पाठ दुखावण्याचें भय. आधुनिक क्रीडाशास्त्रानें उलट युक्ति योजिली आहे. तींत वजन हलवावयाचेंच नाहीं! लोखंडी दांडा मांडीच्या मध्याशीं येईल असा चौकटींत पक्का बसवितात. खेळाडू गुडघे किंचित् वांकवून जोर मोजणाऱ्या पाटावर उभा राहतो आणि तीन ते पांच सेकंद तो दांडा सर्व शक्तीनें वर ओढतो. दांडा हालत नाहीं. पण जितक्या जोरानें तो ओढावा, तितकाच अधिक दाब पायांखालच्या पाटावर पडतो, आणि यंत्र तो सेकंदाला हजार वेळां टिपूं शकतें. स्थिर राहून जोर करणें आपणांस नवें नाहीं. मल्लखांबावर शरीर तोलून धरणारा मुलगा हेंच करितो. फक्त त्याच्या जोराचा आंकडा कोणी लिहून ठेवीत नाहीं.

सर्वांत मोठा जोर किती, हें यांत कळतेंच. माझ्या मतें त्याहून मोलाची गोष्ट ही कीं, तो किती लवकर उभा राहिला हेंही कळतें. पूर्ण जोर उत्पन्न होण्यास सेकंदाचा सुमारें तिसरा हिस्सा किंवा अधिक वेळ लागतो. उलट भरधांव पळणाऱ्या निष्णात धांवपटूचें पाऊल जमिनीवर सुमारें एक दशांश सेकंदच टेकतें. ज्याचा जोर मोठा पण मंद, त्याचें बळ पाऊल उचलल्यावर जागें होणार!

दुसरें, आंकडा शरीराच्या वजनाशीं ताडून पाहावा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें तें ५७ किलोंच्या गटांत. कुस्तीनें मानिलेला हा न्याय शाळेच्या मैदानावर कां नसावा? तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकास मिसरूड फुटलेलें असतें, दुसरा अजून बाळच दिसतो. त्यांच्या बळाची एकमेकांशीं तुलना करणें म्हणजे वयांत येण्याच्या घाईस बक्षीस देणें होय. शुभवर्तमानांतील रुपयांच्या दृष्टांतांत पांच हजारांचे दहा करणाऱ्यास आणि दोनांचे चार करणाऱ्यास धन्यानें एकाच शब्दांत शाबासकी दिली, हें पालकांनीं आठवावें.

असलें यंत्र शाळेनें घ्यावें असें मी म्हणत नाहीं. मोठ्या मापाचा टांगता काटा फरशींतील पक्क्या कडीस सांखळीनें अडकवून वरच्या दांड्यानें ओढला, तर सर्वांत मोठा जोर कळण्यापुरतें काम होतें. झपाटा त्यावर कळत नाहीं. त्यासाठीं बोटांस खडू लावून भिंतीशीं उभ्यानें मारलेली उडी पुरे. डडली सार्जंट या अमेरिकन व्यायामशिक्षकानें ही परीक्षा १९२१ सालीं प्रसिद्ध केली, आणि तिला खर्च एका खडूचा. दोन्ही आंकडे, वजनासह, जूनमध्यें व फेब्रुवारींत प्रत्येकाच्या स्वतःच्या वहींत लिहावे, फळ्यावर नव्हे. मात्र ओढतांना श्वास कोंडूं नये, हिसका देऊं नये, आणि हृदयाचा विकार असलेल्या मुलास डॉक्टरांच्या संमतीवांचून कांट्याशीं उभें करूं नये.