परीक्षेआधी ब्राह्मी घेतली तर खरंच लक्षात राहतं का?

फेब्रुवारी जवळ आला की सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये ब्राह्मी आणि शंखपुष्पीच्या बाटल्या काउंटरवर पुढे येतात. मुलाचा बारावीचा पेपर दहा दिवसांवर असतो आणि आई विचारते, "स्मरणशक्तीसाठी काही आहे का हो?" पण दहा दिवसांत खरंच फरक पडतो का?

उपलब्ध अभ्यास पाहता, नाही. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी प्रौढांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींना ब्राह्मीचा ३०० मिलीग्रॅम अर्क रोज दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. पाच आठवड्यांनी फरक नव्हता, बाराव्या आठवड्यात दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत एकच डोस देऊन दोन तासांनी तपासलं, तर काहीच परिणाम नव्हता. म्हणजे पेपरच्या सकाळी घेतलेला चमचा हा फक्त मनाचा आधार!

२००२ चा अभ्यास जास्त रंजक आहे. ४० ते ६५ वयोगटातल्या ७६ जणांनी तीन महिने ब्राह्मी घेतली किंवा बिनऔषधी गोळी. ब्राह्मीवाल्यांचं नवीन गोष्टी शिकण्याचं प्रमाण वाढलं नाही, पण शिकलेलं विसरण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे जे वाचलंच नाही, ते ब्राह्मीने आठवणार नाही. आणि या दोन्ही तपशीलवार चाचण्या मोठ्या माणसांवरच्या आहेत, शाळकरी मुलांवरच्या नाहीत.

मग बाटलीत नेमकं काय असतं? इथे खरा घोळ आहे. चाचण्यांमधली ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, पाणथळ जागी वाढणारी जाडसर पानांची वेल. त्यातल्या बॅकोसाइड्स या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने बरंच काम केलं आहे. पण आपल्याकडे गोल पानांच्या मंडूकपर्णीलाही सर्रास ब्राह्मी म्हणतात, आणि ती वेगळी वनस्पती आहे. गंमत म्हणजे चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत. ब्राह्मी त्यात नाही! शंखपुष्पीचंही तेच. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी झाडं या नावाने विकली जातात. त्यामुळे लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि अर्काचं प्रमाण लिहिलेलं नसेल, तर वरच्या एकाही अभ्यासाचा दाखला त्या बाटलीला देता येत नाही.

जाहिरातींचं काय? आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम १७० केंद्राने जुलै २०२४ मध्ये वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती उठवली. म्हणजे "तल्लख बुद्धी" छापण्याआधी आता ही परवानगी लागत नाही.

घ्यायचीच असेल तर जेवणानंतर घ्या. मळमळ आणि जुलाब हे चाचण्यांत वारंवार दिसलेले त्रास आहेत, आणि पेपरच्या तीन तासांत ते अजिबात परवडत नाहीत.